बॅगा सांभाळायच्या नसतील तर: सीडर पॉइंटच्या एका दिवसाबद्दल

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही समजेल. तुम्ही ४१ वर्षांच्या, मिशिगनमध्ये नोवायला राहता. जुलैत सगळं घर मिळून ओहायोतल्या सीडर पॉइंट या मनोरंजन उद्यानात जाणार आहात: तुम्ही, मिस्टर, ११ वर्षांचा मुलगा आणि कोल्हापूरहून आलेले सासू-सासरे. बापलेक रोलर कोस्टरचे वेडे. तुम्ही आठवीत असताना जत्रेतल्या आकाशपाळण्यात वीज गेल्यामुळे अर्धा तास वर अडकलात, आणि तेव्हापासून अशा कशातच बसलेल्या नाहीत. मागच्या वर्षी दिवसभर बाकावर बसून सगळ्यांच्या बॅगा सांभाळल्यात. यंदा तसं करायचं नाही. तेव्हा सुरुवात कुठून करावी, उलटी होईल का, पुढे बसावं की मागे, आणि पट्टा सुटला तर काय, हे तुमचे चार प्रश्न. शिवाय सासऱ्यांना, वय ६७ आणि रक्तदाबाची गोळी चालू, हट्टाने बसायचंय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मूळची मिरजेची, गेली १९ वर्षं क्लीव्हलंडजवळ राहते. माझ्याकडचे निम्मे पेशंट चक्कर येण्याच्या आणि तोल जाण्याच्या तक्रारी घेऊन येतात. सीडर पॉइंट आमच्यापासून तासाभरावर, त्यामुळे दरवर्षी हंगामी पास निघतो आणि भारतातून आलेल्या पाहुण्यांना तिथे नेण्याचं काम आपसूक माझ्याकडे येतं. रोलर कोस्टरला घाबरणारी पंचवीस-तीस माणसं तरी मी हाताला धरून नेली असतील. बहुतेक जण बसले. काही जण रांगेतून परत फिरले, आणि त्यांचा तो निर्णय मला कधीच चुकीचा वाटला नाही.

‘कुठल्या राइडपासून’ याचं उत्तर तुमची भीती नेमकी कसली आहे त्यावर ठरतं. लोक सरसकट ‘मला रोलर कोस्टरची भीती वाटते’ म्हणतात, पण खोदून विचारलं की त्यात चार वेगळ्या गोष्टी निघतात. पहिली उंचीची. दुसरी पोटात गोळा येण्याची. तिसरी गरगरून मळमळण्याची. चौथी अडकून पडण्याची. माझ्याकडे कुणी आलं की मी चार साधे प्रश्न विचारते. चौथ्या मजल्याच्या गच्चीवर कठड्याशी उभं राहून खाली बघता येतं का? लहानपणी झोपाळा खूप उंच गेला की मजा वाटायची की रडू यायचं? आंबा घाटात एसटीत उलटी व्हायची का? आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली तर काय होतं?

तुम्ही जे लिहिलंय ते मी दोनदा वाचलं. पाळण्यातून खाली बघून भीती वाटली असं त्यात कुठेच नाही. तुमचं वाक्य असं आहे: ‘कधी सुटका होणार ते खालून कुणीच सांगत नव्हतं.’ मला वाटतं तुमची मुख्य भीती चौथी आहे. उंची तिच्या जोडीला आली आहे. हे खरं असेल तर तुम्हाला बरंच सोपं जाईल, कारण रोलर कोस्टरला शेवट असतो आणि तो घड्याळात मोजता येतो. तिथली सगळ्यात प्रसिद्ध राइड मिलेनियम फोर्स अडीच मिनिटांच्या आत संपते. सकाळी कुठल्याही कोस्टरच्या खाली उभं राहून दोन-तीन गाड्या जाताना मोबाइलवर वेळ लावून बघा. गाडी सुटली कधी, परत आली कधी, माणसं उतरताना कशी दिसतात. माझ्या अनुभवात ही दहा मिनिटं कुठल्याही समजावण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. गाडी कधीकधी चढावर थांबते. एखादा सेन्सर शंका घेतो, किंवा पुढची गाडी फलाटावरून निघायला उशीर होतो, आणि संगणक सगळं थांबवतो. बहुतेक वेळा काही मिनिटांत ती पुन्हा सुरू होते. नाहीच झाली तर चढाच्या कडेने जिना असतो, कर्मचारी वर येतात, एकेकाला सोडवून चालत खाली आणतात. माझ्या बाबतीत इतक्या वर्षांत दोनदा गाडी थांबली, दोन्ही वेळा आम्ही बसूनच खाली आलो. जत्रेतल्या त्या रात्रीपेक्षा इथे मोठा फरक असा की स्पीकरवरून कुणीतरी सतत बोलत असतं. तुम्हाला हवं होतं ते नेमकं हेच होतं.

याच कारणाने दोन राइड यंदा सोडून द्या, तुमचा मुलगा कितीही गळ घालू दे. व्हॅलरेव्हन ही २२३ फुटांची राइड सरळ खाली झेपावण्याआधी काठावर काही सेकंद मुद्दाम थांबवते, तोंड खाली करून. २०२५ मध्ये आलेल्या सायरन्स कर्समध्ये तर रूळ वरच संपतो, गाडी थांबते, आणि रुळाचा तो तुकडा गाडीसकट खाली कलतो. दोन्ही राइड उत्तम आहेत, पण लटकत ठेवण्यातच त्यांची सगळी करामत आहे. अडकण्याची भीती असलेल्या माणसाला पहिल्या दिवशी तिथे नेऊ नये.

आता पट्ट्याची आणि पडण्याची शंका. गाडी रुळावर नुसती ठेवलेली असते असं अनेकांना वाटतं, आगगाडीसारखी. तसं नाही. प्रत्येक ठिकाणी चाकांचे तीन संच असतात: एक रुळाच्या वर, एक बाजूला, आणि एक रुळाच्या खालून. खालचं चाक गाडीला वर उचलू देत नाही. ही युक्ती जॉन मिलर नावाच्या अमेरिकन माणसाने १९१९ मध्ये पेटंट केली, आणि तिच्यामुळेच पुढे मोठे उतार शक्य झाले. जुन्या कोस्टरवर चढताना जो टक-टक-टक आवाज येतो, ज्याने माणसांचा जीव अर्धा होतो, तो खरं तर तुमच्या बाजूचा आवाज आहे. गाडीखालचा एक खटका दातेरी पट्टीवरून सरकत असतो. साखळी तुटली तरी तो खटका दात्यात अडकतो आणि गाडी मागे घसरत नाही. तो आवाज ऐकू आला की ‘खटका लागतोय’ असं मनात म्हणा. माझ्या आत्याने ८० फुटांपर्यंत हे मोठ्याने म्हटलं होतं.

पूर्ण रूळ तुकड्यांत विभागलेला असतो आणि एका तुकड्यात एकच गाडी सोडतात. शेवटी थांबवण्यासाठी बऱ्याच नव्या राइडवर चुंबकाचे ब्रेक असतात, त्यांना विजेची गरजच नसते. धातूची पट्टी चुंबकांमधून गेली की वेग आपोआप उतरतो. तुमच्या मांडीवरचा दांडा चालू राइडमध्ये आतून कुणाला उघडता येत नाही. कर्मचारी तो ओढून बघतात, तुम्हीही बघा. लाज वाटू देऊ नका. शंका आली तर हात वर करा, ते परत येऊन तपासतात.

उलटीचा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे, म्हणून इथे जरा थांबते. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोकं कुठे वळतंय ते सांगतात. त्यांच्या शेजारी दोन इवल्या पिशव्या असतात, त्यांत कॅल्शियमचे अगदी बारीक कण असतात. शरीर वर-खाली, पुढे-मागे कसं सरकतंय ते त्यांच्यावरून कळतं. डोळे स्वतंत्र साक्ष देतात. घाटात एसटीत बसून पुस्तक वाचलं की कान सांगतो आपण वळतोय, डोळा सांगतो पान जागेवर आहे. मेंदूला दोघांचा मेळ लागत नाही आणि तोंडाला पाणी सुटायला लागतं. भीतीने डोळे गच्च मिटून बसणारा माणूस कोस्टरवर हीच चूक करतो. डोळे उघडे ठेवा, आणि जवळच्या खांबांकडे न बघता रूळ पुढे जिथे जातोय तिथे बघा. डोळ्याला पुढचं वळण आधी दिसलं की कानाची बातमी धक्का म्हणून येत नाही. गाडी चालवणाऱ्याला घाट लागत नाही, मागे बसलेल्याला लागतो, त्याचं कारण हेच.

पोटात गोळा येणं ही वेगळी गोष्ट आहे आणि तिने उलटी होत नाही. उतारावर गाडी जवळजवळ तुमच्याइतक्याच वेगाने खाली पडत असते, म्हणून सीट तुमचं वजन पेलत नाही. एरवी पोटातले अवयव खाली ओढले जात असतात. तो ओढा क्षणभर जातो आणि ती पोकळी आपल्याला जाणवते. ती दोन-तीन सेकंदांत जाते. श्वास रोखून धरला तर पोटाचे स्नायू आवळतात आणि ती जास्त वाईट वाटते. उतार सुरू होताच तोंडाने श्वास सोडा. ओरडणं म्हणजे श्वास सोडणंच आहे, त्यामुळे मनसोक्त ओरडा. ‘बाई काय ओरडते’ असं तिथे कुणी म्हणणार नाही. पाय जमिनीवर घट्ट दाबा, मांड्या आवळा, डोकं मागे टेकवून ठेवा. मांड्या आवळण्याचा आणखी एक फायदा असा की उताराच्या तळाशी, जिथे वजन एकदम वाढतं, तिथे रक्त पायांत उतरून डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते, ती कमी होते. जुलैच्या उन्हात पाणी कमी प्यायलं की ही अंधारी हमखास येते. मला एकदा आली होती, सकाळपासून फक्त कॉफीवर होते. तेव्हापासून दर तासाला पाणी.

वयाचाही भाग आहे. विशीत गोल फिरणाऱ्या राइडमधून हसत उतरणारी माणसं चाळिशीत तिथून पांढरीफटक होऊन उतरतात, हे मी नेहमी बघते. त्यामुळे गोल-गोल फिरणाऱ्या बशा आणि पाळणे तुम्ही पूर्ण टाळा. ते लहान दिसतात म्हणून लोक ‘आधी हे करू’ म्हणून तिथे बसतात आणि दिवस तिथेच संपतो. कोस्टर सरळ आणि वर-खाली जास्त जातो, एका जागी कमी गरगरतो. कानाच्या दृष्टीने तो बराच सुसह्य आहे. मात्र कुशीवर वळल्यावर किंवा वर बघितल्यावर खोली फिरते असा त्रास तुम्हाला कधी झाला असेल तर आधी तो दाखवून घ्या. कानातले ते बारीक कण जागेवरून हललेले असू शकतात, आणि तसं असताना कोस्टरवर जाऊ नये.

तुम्हाला मी जी पद्धत सांगणार आहे ती माझ्या पेशंटचीच आहे. चक्कर येणाऱ्याला आम्ही चक्कर येईल असेच व्यायाम देतो, पण मोजून. दहापैकी दोन-तीन इतका त्रास व्हावा, मग थांबायचं, तो पूर्ण निवू द्यायचा, मग पुढचा. सातपर्यंत गेलं की त्या दिवशी शरीर काही शिकत नाही, फक्त घाबरतं. २०११ मध्ये मिरजेहून आलेल्या माझ्या आतेबहिणीला मी उद्यान उघडताच थेट सगळ्यात मोठ्या राइडवर नेलं, ‘एकदा मोठं झालं की बाकी काही वाटत नाही’ असं सांगून. उतरल्यावर तिला उलटी झाली, दुपारभर ती गाडीत पडून होती, आणि आजही झोपाळ्यावर बसत नाही. रोज पेशंटना मात्रा समजावणाऱ्या मला हे कळायला हवं होतं. चूक पूर्ण माझी होती आणि ती मला अजून सलते. म्हणून ‘आधी मोठं’ असं कुणी म्हटलं, तुमच्या मिस्टरांनी जरी म्हटलं, तरी ऐकू नका.

तर क्रम असा लावा. पहिली सीडर क्रीक माइन राइड. १९६९ सालची, उंची पन्नास फुटांच्या आत, झाडांमधून खडखडत जाते. मोठा उतार नाही. इथे फक्त बसणं, दांडा खाली येणं, गाडी सुटणं आणि परत येणं या चार गोष्टी शरीराला कळू द्यायच्या. उतरल्यावर पंधरा मिनिटं सावलीत बसा आणि स्वतःला आकडा विचारा. दोन असेल तर पुढे.

दुसरी ब्लू स्ट्रीक, १९६४ ची, लाकडी. तिथल्या चालू कोस्टरमध्ये सगळ्यात जुनी. उंची ७८ फूट. ती छोट्या छोट्या टेकड्यांवरून उड्या मारत जाते, दर टेकडीवर सीटवरून किंचित उचलते. पोटातल्या गोळ्याची ओळख करून घ्यायला हिच्यासारखी राइड नाही: गोळा येतो, जातो, परत येतो, परत जातो, आणि चौथ्या वेळेला आपण त्याची वाट बघायला लागतो. लाकडी आहे म्हणून धक्के बसतात, मानेचं दुखणं असेल तर सोडा. इथे आयर्न ड्रॅगनचंही नाव अनेक जण घेतील. १९८७ ची, रुळाखाली लटकणारी, संथ. पण ती दोन्ही बाजूंना झुलते. घाटात उलटी होणाऱ्याला तो झोका बाधू शकतो. तुम्हाला एसटीत त्रास होत नसेल तर खुशाल बसा, फार गोड राइड आहे.

तिसरी जेमिनी, १९७८, १२५ फूट, ताशी साधारण ९६ किलोमीटर. इथे दोन गाड्या शेजारी शेजारी सुटतात आणि शर्यत लावतात. तुम्ही एका गाडीत, तुमचा मुलगा दुसरीत. वळणावर दोन्ही गाड्या इतक्या जवळ येतात की हात हलवून हाक मारता येते. मी जितक्या आयांना इथे बसवलंय, त्यांचं लक्ष उताराकडे राहिलेलंच नाही, पलीकडच्या गाडीत आपलं पोर शोधण्यातच सगळा वेळ जातो. या राइडसाठी दुपारचा वेळ राखून ठेवा.

जेमिनीनंतर मॅग्नम लागते, शेजारीच. १९८९ मध्ये ती २०५ फुटांची उघडली तेव्हा पूर्ण फेरी मारणारी २०० फुटांवरची ती जगातली पहिली होती. आपल्या दौलताबादच्या चांद मिनाराएवढी उंच. क्रमाने पाहिलं तर तुमचा पुढचा टप्पा तीच वाटते. मी मात्र ती गाळायला सांगेन. तिच्या शेवटच्या टेकड्या टोकदार आहेत, दांडा मांड्यांवर आपटतो, आणि नवख्या माणसाला ते दुखणं भीतीसारखं वाटतं. ही राइड जीव लावून आवडणारी माणसं आहेत, ती माझ्याशी भांडतील. पण नवख्यांना घेऊन फिरताना मला हेच दिसलंय.

त्यापेक्षा अंगात बळ असेल तर सरळ मिलेनियम फोर्स. ऐकायला वेडेपणा वाटतो हे मला कळतं. ३१० फूट, म्हणजे मुंबईच्या राजाबाई टॉवरपेक्षाही उंच, आणि ताशी दीडशे किलोमीटर. २००० साली ती उघडली तेव्हा पूर्ण फेरी मारणारी एवढी उंच कोस्टर जगात दुसरी नव्हती. पण तुमच्या भीतीच्या हिशेबाने तिच्याकडे बघा. ती माणसाला उलटं करत नाही. रूळ लोण्यासारखा आहे. चढण टक-टक करत रेंगाळत नाही. दोराने ओढून गाडी अर्ध्या मिनिटाच्या आत वर जाते, आणि माथ्यावर थांबत नाही. मोठा उतार पाचेक सेकंदांत संपतो. त्यानंतर नुसता वारा आणि वळणं. अडकण्याची भीती असलेल्या माणसाला विचार करायला ती वेळच देत नाही. उंचीची भीती मुख्य असती तर मी हे अजिबात सुचवलं नसतं, तेव्हा हे तुमच्या उत्तरावर अवलंबून आहे. गच्चीच्या कठड्याशी तुमचे पाय गळत असतील तर यंदा जेमिनीवरच थांबा, आणि ती दोनदा करा.

स्टील व्हेंजन्स, मॅव्हरिक, टॉप थ्रिल टू यांचा यंदा विचारच नको. स्टील व्हेंजन्स जुन्या लाकडी सांगाड्यावर २०१८ मध्ये उभी केली, आणि माझी सगळ्यात लाडकी आहे. पण ती माणसाला सीटवरून अक्षरशः उपटते. बापलेकांना तिथे पाठवा आणि त्या वेळात तुम्ही सावलीत पाणी प्या.

पुढे की मागे, याचं उत्तर: पहिल्या दिवशी मधोमध. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून गतिरोधकावरून उडाल्याचं आठवत असेल तर मागचा हिशेब लगेच कळेल. गाडी लांब असते. पुढचा डबा माथा ओलांडतो तेव्हा मागचं वजन अजून चढावर असतं, म्हणून तो हळू जातो. शेवटचा डबा माथ्यावर येईपर्यंत पुढची सगळी गाडी खाली धावत सुटलेली असते आणि ती त्याला खेचून नेते. म्हणून पोटात गोळा मागे जास्त. पुढे तो कमी, पण समोर काहीच नसतं, त्यामुळे उंची जास्त दिसते. मध्ये दोन्ही निम्मं, आणि समोरच्या रांगेतली डोकी दिसत राहतात. त्या डोक्यांचा फार आधार वाटतो.

आतापर्यंतचं थोडक्यात: अडकण्याची भीती असेल तर थांबणाऱ्या राइड टाळा, माइन राइड, ब्लू स्ट्रीक, जेमिनी या क्रमाने जा, मध्ये विश्रांती घेऊन स्वतःला आकडा विचारा, डोळे उघडे, श्वास बाहेर, जागा मधली. मिलेनियम फोर्स जमली तर संध्याकाळी.

काही बारीकसारीक गोष्टी, ज्यांनी दिवस बिघडतो. शनिवारी जाऊ नका. मंगळवार ते गुरुवारातला दिवस मिळाला तर रांगा बऱ्याच लहान असतात. भीतीचं खरं घर रांगेत असतं, तास-दीड तास उभं राहिलं की राइड सुरू होण्याआधीच माणूस दमतो. रिकाम्या पोटी जाऊ नका, पण भरल्या पोटीही नको. सकाळी गाडीतच दशमी किंवा थालीपीठ-दही खा. तळलेलं आणि आंबट संध्याकाळपर्यंत नको. आल्याचा तुकडा काहींना मानवतो. मळमळीची गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि तासभर आधी. त्रास सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. तिने झोप येते हेही लक्षात ठेवा. मंगळसूत्र आणि कानातले लोंबते डूल घरी ठेवा, ओढणी नको, केस बांधा, चपलेला मागे पट्टा हवा, चष्म्याला दोरी. अंगाने भारी असलेल्यांनी मिलेनियम फोर्सच्या बाहेर ठेवलेल्या नमुना सीटवर आधी बसून बघावं. तिथला पट्टा आखूड आहे, आणि तासभर रांगेत उभं राहून फलाटावरून परत पाठवलं की फार वाईट वाटतं. मुलाची उंची आदल्या रात्री मोजून ठेवा. मिलेनियम फोर्सला ४८ इंच लागतात, स्टील व्हेंजन्सला ५२. तिथे जाऊन कळलं की रडारड होते.

रांगेच्या शेवटी, अगदी गाडीच्या दारापर्यंत जाऊन ‘मला नाही बसायचं’ म्हणता येतं. कर्मचाऱ्याला सांगा, पलीकडच्या बाजूने बाहेर जायची वाट असते. हे मुलाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा: आई परत फिरली तर कुणी हसायचं नाही, ओढायचं नाही, ‘अगं काही होत नाही’ म्हणायचं नाही. मी ज्यांना नेलं त्यांतले जे परत फिरले, त्यांच्यापैकी तिघं-चौघं तासाभराने स्वतःहून म्हणाले, ‘चल, आता जाते.’ ज्यांना ओढून बसवलं होतं, त्यांच्यातलं कुणी दुसऱ्यांदा आलं नाही.

सासऱ्यांबद्दल स्पष्ट सांगते. प्रत्येक मोठ्या राइडच्या तोंडाशी रक्तदाब, हृदय, मान-पाठ आणि गरोदरपण यांबद्दलची पाटी असते, ती शोभेसाठी लावलेली नाही. रक्तदाब ताब्यात असेल तरी त्यांच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कोस्टर नाही. कोल्हापूरला फोन करून विचारता येतं, आणि ‘डॉक्टरांनी सांगितलं’ हे सुनेपेक्षा जास्त ऐकलं जातं. तोपर्यंत त्यांच्यासाठी तिथली वाफेच्या इंजिनाची आगगाडी आहे, ती खरोखर कोळशावर चालते. त्या पिढीला त्या धुराच्या वासाने जो आनंद होतो तो मी बघितलाय. माझे बाबा एका दिवसात तीनदा बसले होते. वरून सरकणारा स्काय राइडचा पाळणाही त्यांना चालेल. तुम्ही मात्र त्यात आणि जायंट व्हीलमध्ये बसायची घाई करू नका. ती संथ आहेत, वर थांबतात, आणि आठवीतली ती रात्र तिथेच पहिल्यांदा वर येईल.

आणि बॅगा. सकाळी आत गेल्यागेल्या लॉकर घ्या, सगळ्या बॅगा त्यात टाका आणि किल्ली किंवा आकडा मुलाकडे द्या. कुटुंबात बॅग असली की ती सांभाळणारं माणूस ठरलेलं असतं, आणि ते बहुतेक वेळा घाबरणारं माणूसच असतं. त्याला तेवढंच निमित्त मिळतं, बाकीच्यांना सोय होते, आणि दिवस निघून जातो. सासूबाईंकडेही बॅगा देऊ नका. त्यांनाही त्या आगगाडीत बसायचं असेल.

परतताना एक काळजी घ्या. दिवसभर वर-खाली झाल्यावर कान दमलेला असतो, रात्री गादीवर पडल्यावरही गाडी चालू असल्यासारखं वाटतं. मिस्टर तर तुमच्या दुप्पट राइड करून आलेले असतील. त्यामुळे लगेच गाडी काढू नका. टोलेडोवरून नोवायपर्यंत दोन तासांचा रस्ता आहे आणि अंधार असेल. पार्किंगमध्येच अर्धा तास बसा, उरलेल्या दशम्या खा, सगळ्यांना पाणी द्या. डोकं झटकन वळवून बघितल्यावर काही फिरत नसेल त्याने गाडी चालवावी. कदाचित त्या रात्री ते तुम्हीच असाल.